बाहुली मोठी झाली की आत

१५ जानेवारी

रिकामे बसून माणसाला गंज चढतो, असे आज सकाळी चहा घेताना मी म्हटले. धाकटा म्हणाला, "आई, तुझ्यावर चढायची गंजाची हिंमत नाही होणार." थोरल्याच्या बायकोने, माझ्या सुनेने, मात्र माझे वाक्य पकडले. पावाला लोणी लावता लावता म्हणाली, "मग दवाखान्यात या ना. वेटिंग रूम सांभाळा. मला तिथे ओरडणारं माणूस हवंय."

मी ओरडत नाही. मी स्पष्ट बोलते. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख होते तेव्हा कुणावर आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. मी दारात उभी राहिले की काम भागायचे.

सून लहान मुलांच्या डोळ्यांची डॉक्टर आहे. गेल्या हंगामात तापाची साथ आली, मुले चार दिवस फणफणली, बरी होऊन शाळेत गेली, आणि सगळे विसरून गेले. ही विसरली नाही. ताप येऊन गेलेल्या काही मुलांच्या डोळ्यांत, मागच्या पडद्यावर, तिला शिरा फुगलेल्या आणि वाकड्यातिकड्या दिसल्या. मुलांना दिसते नीट, दुखत काही नाही. पण त्या शिरा आपोआप पूर्वीसारख्या होतात की तशाच राहतात, हे तिला ठाऊक नाही. तिच्या वरच्या मोठ्या डॉक्टरबाईंनाही नाही. म्हणून आता फोटो काढायचे आणि सहा महिन्यांनी त्याच डोळ्यांचे पुन्हा. ताप न आलेली मुलेही बोलवायची, तुलनेसाठी.

हे समजावून सांगण्याची तिने बरीच तयारी केली होती. मला दोन वाक्यांत समजले. तुलनेचा वाण शेजारी पेरल्याशिवाय कुठल्या बियाण्याची परीक्षा झाली आहे?

"दुसऱ्या वेळी तीच मुलं यायला हवीत, आई," ती म्हणाली. "ती आली नाहीत तर आत्ताच्या फोटोंना काही अर्थ नाही. अर्धाच प्रश्न विचारून सोडल्यासारखं होईल."

"येतील," मी म्हटले. "न येऊन जातील कुठे?"

उठताना, बशी उचलता उचलता तिने सांगितले, "ठिणगीलाही ताप होता ना. तिचेही फोटो काढायचे आहेत." बसची वेळ सांगावी तसे सांगितले. ठिणगी म्हणजे माझी नात, वय वर्षे सहा, हिची एकुलती एक. या बाईचा आवाज कशानेच हलत नाही. ही गोष्ट मला तिच्यात पहिल्यापासून पसंत आहे, पण असे तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही.

१९ जानेवारी

पहिला दिवस. खोली लांबट, दोन बाक, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खिडकीला जाड पडदा. मी पोचले तेव्हा एक मुलगा बाकावर उभा राहून उडी मारायच्या बेतात होता, दोन मुली पडद्यात गुंडाळून घेऊन भुते झाल्या होत्या आणि पालक आपापल्या फोनमध्ये डोके घालून बसले होते. सिस्टर हातात थेंबांची बाटली घेऊन कोपऱ्यात उभी, चेहरा रडवेला.

पद्धत अशी आहे: डोळ्यात औषधाचे थेंब घालतात. त्याने डोळ्याची बाहुली मोठी होते. ती पुरेशी मोठी झाली की मशीनला आतला पडदा दिसतो आणि फोटो निघतो. तोवर मुलांनी शांत बसायचे. एवढेच काम.

मी दार लावले आणि सांगितले, "सगळ्यांनी बाकावर बसा. थेंब घातले की डोळे मिटायचे. बाहुली मोठी झाली की आत पाठवीन. चुळबूळ केली तर बाहुली आणखी किती मोठी होईल ते मला माहीत नाही."

शेवटचे वाक्य ऐनवेळी सुचले. शास्त्रात बसणारे नाही, पण त्याचा उपयोग झाला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मोठ्या डॉक्टरबाईंनी दारातून डोकावून विचारले, "आज मुलं आली नाहीत का?" मी बाकांकडे बोट दाखवले.

उडी मारणारा मुलगा बेकरीवाल्याचा. गोल, घट्ट, म्हणून त्याला घरी बटन म्हणतात. बाप कामावरूनच आलेला, कोपरापर्यंत पीठ. मला म्हणाला, "बाई, हा घरी एका जागी जेवायला पण बसत नाही. तुम्ही याला काय केलंत?"

"बसायला सांगितलं," मी म्हटले.

संध्याकाळी सुनेबरोबर बसने घरी आले. तिने खिडकीची जागा मला दिली.

२ फेब्रुवारी

आज मला फोटो बघायला मिळाले. सून म्हणाली, "आई, या, दाखवते." पडद्यावर नारिंगी रंगाचा एक गोल, त्यात एका बाजूला फिकट ठिपका, आणि त्या ठिपक्यातून निघून चहूकडे पसरलेल्या लाल शिरा. मी वनस्पतिशास्त्र शिकले त्याला आता जमाना झाला, पण पान उजेडाकडे धरले की जे दिसते तेच हे. एका देठातून मुख्य शीर, तिला फाटे, फाट्यांना फाटे. तसे म्हटल्यावर सून माझ्याकडे बघतच राहिली.

"हा निरोगी डोळा," ती म्हणाली. "आणि हा ताप आलेल्या मुलाचा."

दुसऱ्यात शिरा जाड होत्या, आणि सरळ जायच्या तिथे वळणे घेत होत्या, दोर सैल सोडल्यावर जमिनीवर पडतो तशा. मला सांगावे लागले नाही. मी एका फोटोवर बोट ठेवून म्हटले, "आणि याला खालच्या बाजूला जास्त." तिने मोजले. बरोबर होते.

घरी आल्यावर जेवताना तिने धाकट्याला रक्तवाहिन्यांबद्दल सांगितले. तो छापखान्यात कामाला आहे, शब्दांशी खेळायची सवय. लगेच म्हणाला, "म्हणजे तू आमची रक्तवहिनी!" ठिणगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. मी दोघांना गप्प केले. सूनही हसत होती, म्हणून फार ताणले नाही.

१० फेब्रुवारी

आज ठिणगीची पाळी. इतर मुलांसारखीच बाकावर बसवली. नातीला वेगळी वागणूक नाही. "आजी, मी तुझ्याशेजारी बसू?" "नाही. रांगेत." ती रांगेत बसली. शाबास.

फोटो निघाले. आणि मग सुनेने जे केले ते मी मुद्दाम लिहून ठेवते. तिने पडदा मोठ्या डॉक्टरबाईंकडे वळवला आणि म्हणाली, "हिचे तुम्ही बघा. मी बघणार नाही." आणि बाहेर येऊन माझ्या बाकाशी उभी राहिली, हात कोटाच्या खिशात घालून.

मला फार आवडले. घरच्या शेतातले बियाणे तपासायला आले असते तर मीही दुसऱ्याच्या टेबलावर सरकवले असते. आपल्या माणसाचे मोजमाप आपण करू नये. हा निःपक्षपातीपणा शिकवून येत नाही.

मोठ्या डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "उजव्या डोळ्यात आहे बदल. खालची शीर बरीच रुंद आहे, वळणंही आहेत. घाबरण्यासारखं आत्ता काही नाही. सहा महिन्यांनी बघू."

"बरं," सून म्हणाली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. एकदा दार चुकून सिस्टरच्या कपाटाचे उघडले, एवढेच.

११ फेब्रुवारी

ठिणगीचे प्रश्न. दुधाचा पेला पुढे आणि तोंड चालू.

"आजी, बाहुली किती मोठी होते?"

"औषध घालावं तेवढी."

"आणि परत थेंब घातले तर?"

"परत मोठी होते."

"मग ती कुठे जाते?"

"जाते कुठे? तिथेच असते. दूध संपव."

दूध संपवले नाही. मुलांना उत्तरे दिली की आणखी प्रश्न फुटतात, म्हणून मी उत्तरे आखूड ठेवते.

३ मार्च

पहिली फेरी संपली. ठरलेली सगळी मुले येऊन गेली, एकही गळले नाही. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अशी वेटिंग रूम मी पाहिली नाही." मी म्हटले, त्यात विशेष काय. पण घरी येताना स्वतःसाठी एक नवा पेन घेतला.

मुलांनी माझे नाव हवालदार आजी ठेवल्याचे कळले. बटनने ठेवले म्हणे. दुर्लक्ष केले. आज मात्र निघताना त्याने मला सलाम ठोकला, आणि मीही ठोकला. हात आपोआप वर गेला.

२२ मार्च

ठिणगीने आपली कापडी बाहुली कपाटावर ठेवायला सांगितली, अगदी वर, मागे. इतके दिवस ती कुशीत घेतल्याशिवाय झोपत नसे. "का गं?" विचारले तर म्हणाली, "मला बाहुल्या नको आता." बरे झाले. शहाणपण यायला लागले. पहिलीत गेल्याचा परिणाम.

९ एप्रिल

सून हल्ली ठिणगीच्या खोलीत झोपते. त्यांच्या गादीचा काहीतरी त्रास असावा. थोरला पुलाच्या कामावर दूर आहे, महिन्यातून एकदा येतो, त्याला गादी बदलायला सांगितली पाहिजे. ठिणगीला पण नवी खोड लागली आहे, झोपताना दोन्ही तळवे डोळ्यांवर घट्ट दाबून ठेवते. हात काढले की झोपेतच परत ठेवते. सुनेला म्हटले, उजेड लागत असेल, पडदा जाड लावू. ती म्हणाली, "हो, लावू या." आणि खिडकीकडे न बघता मुलीकडेच बघत बसली.

१८ मे

ठिणगीने चित्र काढले. एक डोळा, आणि डोळ्यात एक जाडी बाई, फ्रॉक डोळ्याच्या बाहेर आलेला. धाकटा म्हणाला, "ही आई आहे का, दारात उभी?" ठिणगी हसली नाही. मी प्रमाणाबद्दल सांगितले: डोळा लहान, माणूस मोठे, असे होत नाही. तिने चित्र फाडून टाकले. टीका सहन करायला शिकले पाहिजे.

१३ जुलै

दुसरी फेरी सुरू झाली. आज जेवढ्यांना बोलावले त्यांपैकी दोघेच आले, तेही ताप न आलेले.

मी फोन केले. एकाकडे पाहुणे. एकाची परीक्षा. एक बाई म्हणाल्या, "बघू, पुढच्या महिन्यात." मी म्हटले, "डोळा पुढच्या महिन्यापर्यंत थांबतो, पण शास्त्र थांबत नाही." त्यांनी फोन ठेवला.

२० जुलै

आजही तेच. बाक रिकामे. मी रिकाम्या बाकांसमोर उभी होते आणि सिस्टर माझ्याकडे बघत नव्हती. मोठ्या डॉक्टरबाईंनी सुनेला आत बोलावले. दार अर्धे उघडे होते, ऐकू आले. "इतकी कमी मुलं परत आली तर आपल्याला काही म्हणताच येणार नाही. शिरा उतरल्या की नाही, कोणाला कळणार? बंद करावं लागेल."

सून म्हणाली, "थोडे दिवस द्या."

मला राग आला, पालकांचा. माझ्या वेटिंग रूममध्ये कुठेही कसूर नव्हती.

२३ जुलै

बेकरीत गेले. फोनवर माणूस काहीही सांगतो, समोर सांगता येत नाही. बेकरीवाला भट्टीतून पाव काढत होता. मला बघून त्याने फळी खाली ठेवली.

"बाई, मी आणतो त्याला. पण तो यायला तयार नाही. पलंगाखाली जाऊन बसतो."

"का?"

"म्हणतो डोळा फुटेल."

"कोणी सांगितलं त्याला?"

"शाळेत सगळी पोरं तेच बोलतात. पहिल्यांदा थेंब घातले तेव्हा ठीक, दुसऱ्यांदा घातले की मावत नाही. काय मावत नाही ते मला काही समजलं नाही, बाई. मी पीठ मळणारा माणूस."

"अफवा," मी म्हटले. "कोण पसरवतं आहे ते शोधून काढते."

तो म्हणाला, "शोधाच तुम्ही. तुमच्यापुढे खोटं कोण बोलणार!" पावाचा एक तुकडा त्याने कागदात बांधून दिला, तो घ्यावा लागला.

मुख्याध्यापकांना भेटायचे ठरवले आहे. मुळावर घाव घातला पाहिजे.

२७ जुलै

आज ठिणगीची दुसरी पाळी होती. इतर कोणी येवो न येवो, माझी नात वेळेवर येणार हे मी गृहीत धरले होते. सकाळी बूट घालायला हाक मारली. आली नाही. जेवणाच्या टेबलाखाली सापडली, पाय पोटाशी घेऊन, तळवे डोळ्यांवर.

"बाहेर ये."

"नाही."

"ठिणगी, मी तीन म्हणायच्या आत."

"नाही! माझी बाहुली आणखी मोठी होईल! ती मावणार नाही! ती डोळा फोडून बाहेर येईल!"

मी खाली वाकले. माझ्या गुडघ्यांना ते चालत नाही, म्हणून शेवटी खाली बसलेच. "कसली बाहुली?"

"डोळ्यातली. ती एकदा मोठी झाली. आता आतच आहे. म्हणून शिरा वाकड्या झाल्या. ती ढकलते त्यांना."

"हे तुला कोणी सांगितलं?"

तिने एका डोळ्यावरचा हात काढला. "तूच."

मी सकाळभर टेबलाखालीच बसले असते तरी त्याहून जास्त काही कळायचे राहिले नव्हते. बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलाला मी स्वतः सांगितले होते की चुळबूळ केली तर बाहुली किती मोठी होईल माहीत नाही. इतक्या मुलांनी इतके महिने आपापल्या डोळ्यात एक वाढणारी बाहुली सांभाळली, आणि मी मुख्याध्यापकांना भेटायला निघाले होते.

"आणि शाळेत कोणी सांगितलं?"

"मी. सगळ्यांना सांगितलं. त्यांचे पण डोळे फुटायला नकोत म्हणून."

यावर काय रागवायचे? संकट ओळखले, आपल्या माणसांना सावध केले. मी तिच्या जागी असते तर तेच केले असते.

सून बूट घालून दारात उभी होती. सगळे ऐकले. आत आली आणि तीही टेबलाखाली येऊन बसली, दवाखान्याच्या कोटासकट. धाकटा खोलीतून बाहेर आला, आम्हा तिघींना बघून म्हणाला, "भूकंप झाला का?" आणि चहा ठेवायला गेला.

"आई," सून म्हणाली, "आता कसं करायचं?"

तिने आजवर मला काय करायचे ते सांगितले आहे, कसे करायचे ते कधी विचारले नव्हते.

"बियाणं उगवतं की नाही हे शेतकऱ्याला सांगून पटत नाही," मी म्हटले. "ओल्या कागदावर ठेवून दाखवावं लागतं. मुलांना बोलाव. माझ्या डोळ्यात घाल थेंब."

"तुमचे डोळे आधी तपासते. या वयात असेच थेंब घालत नाहीत."

"तपास. पण रांगेत नाही बसणार."

२ ऑगस्ट

दोन दिवस बारीक अक्षर नीट दिसत नव्हते, म्हणून आता लिहिते.

३० तारखेला मुले आली. फोटो काढायचे नाहीत, थेंब फक्त हवालदार आजीच्या डोळ्यात घालायचे आहेत, असे कळवले होते. खोली भरली. माझी फजिती बघायला एवढी गर्दी होईल असे मला वाटले नव्हते. बेकरीवालाही आला, दुकान बंद ठेवून.

मी बाकाच्या मधोमध बसले. सुनेने सकाळीच डोळे तपासून परवानगी दिली होती. "एका उजव्यातच," मी सांगितले. "डावा तुलनेला राहू दे." ठिणगीच्या हातात टॉर्च दिला. ती अजून माझ्यापासून लांबच उभी होती.

"आधी माझ्या डोळ्यात बघ," मी म्हटले. "काळ्या भागात. काय दिसतं?"

ती पुढे आली, श्वास रोखून. "एक मुलगी."

"कोण मुलगी?"

बराच वेळ बघितले. मग नाक हलवून बघितले. "मी."

"तू. माझ्या डोळ्यात बघणाऱ्याची छोटी छबी दिसते, बाहुलीएवढी. म्हणून जुन्या माणसांनी त्या काळ्या भागाला बाहुली म्हटलं. आत बाहुली बिहुली कोणी नसतं. फक्त भोक असतं, आत उजेड जायला."

बटन लगेच ओरडला, "मला दिसू दे!" मग रांग. रांग लावायला मला उठावे लागले नाही, ठिणगीने लावली. एकेक मूल येऊन माझ्या डोळ्यात स्वतःला शोधून गेले. एका मुलीने जीभ काढून खात्री करून घेतली.

मग सिस्टरने थेंब घातले. झोंबले. मी डोळा मिचकावला, तर बटन म्हणाला, "आजी, चुळबूळ नाही!" बेकरीवाल्याने त्याला चापट मारायला हात उचलला. मी म्हटले, "राहू द्या. बरोबर बोलतोय तो."

मुले दर थोड्या वेळाने येऊन तपासत होती. उजवे भोक मोठे होत होते, डावे होते तसेच. शेवटी उजवे इतके मोठे झाले की भोवतीचा रंग जवळजवळ दिसेना. मुले मागे सरकली. कोणी पुढे यायला तयार नाही. ठिणगीने टॉर्च बटनच्या हातात दिला, माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि आत बघितले.

"भोक मोठं झालं," ती सावकाश म्हणाली. मग वळून सगळ्यांना मोठ्याने सांगितले, "पण मी तेवढीच आहे!"

हे मला सुचले नव्हते. मी एवढेच दाखवणार होते की मोठे झालेले भोक दुसऱ्या दिवशी लहान होते. पण छबी मोठी होते की नाही, हे तपासायचे तिला सुचले, त्या भीतीतही. तुलना करायची, जे बदलले ते आणि जे बदलले नाही ते वेगळे करायचे. हे पोरीने कुणाकडून घेतले ते मला चांगले ठाऊक आहे. निम्मे माझ्याकडून. उरलेले तिच्या आईकडून, आणि निम्म्याहून ते जास्त आहे, हे आज लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमतील तेवढी मुले परत आली. भोक उतरले होते. बटनने दोन्ही डोळ्यांवर टॉर्च मारून जाहीर केले, "सारखे!" आणि बाकावर चढून उडी मारली. मी बाक जागेवर सरकवला.

आता नव्या शब्दांत नियम केला आहे: "डोळ्याचं दार उघडलं की आत." ठिणगीने सुचवला.

१० ऑगस्ट

मुले येत आहेत. बाक पुरत नाहीत. ज्या बाईंनी फोन ठेवला होता त्याही आल्या, मुलीच्या आग्रहाने. मोठ्या डॉक्टरबाईंनी बंद करण्याचा विषय काढला नाही.

आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या शिरा उतरल्या आहेत. सगळ्यांच्या नाही. सून म्हणते, कोणाच्या आणि का, हे शोधायला पुढची कित्येक वर्षे लागतील. आवाज तोच, न हलणारा. आपला प्रश्न इतका लांबचा आहे हे माहीत असून रोज सकाळी कोट चढवणारे माणूस मी आमच्या प्रयोगशाळेत फार शोधले होते.

१४ ऑगस्ट

आज ठिणगीने स्वतः थेंब घालून घेतले. बाकावर बसली, डोळे मिटले, शेजारच्या मुलाला म्हणाली, "झोंबतं, पण फुटत नाही." फोटो काढून घेऊन सिस्टरबरोबर खाली खेळायला गेली.

मी दारात उभी होते. मोठ्या डॉक्टरबाई आज आल्या नव्हत्या, दुसऱ्या गावी गेल्या होत्या. मशीनच्या पडद्यावर फोटो उघडा होता, शेजारी फेब्रुवारीतला. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती, हात खिशात.

"परत आल्या की बघतील त्या," मी म्हटले. "तोपर्यंत थांबू. आपल्या माणसाचं मोजमाप आपण करू नये, बरोबर आहे तुझं."

"त्यासाठी नाही, आई," ती भिंतीलाच म्हणाली. "तेव्हाही नव्हतं." आणि मग, "माझ्याच्याने बघवत नाही. तुम्ही बघाल?"

तिचा आवाज हलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मग मला गादी आठवली, सिस्टरचे कपाट आठवले.

मी चष्मा पुसला. खुर्ची ओढली. आधी जुना फोटो बघितला, देठापासून टोकापर्यंत, जसे पान बघायचे असते. खालची शीर, तिची तीन वळणे. मग नवा. घाई केली नाही.

"सांगते ते ऐक," मी म्हटले. "खालची शीर उतरली आहे. वरच्या शिरेइतकीच दिसते आता. पहिली दोन वळणं गेली. तिसरं आहे अजून, टोकाला, पण सैल झालंय."

"खरंच?"

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून कधी बियाण्याची उगवण वाढवून सांगितलेली नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

मग ती वळली. मी खुर्ची सोडली, ती बसली. मोजायची पट्टी तिने घेतली नाही. नुसती बघत राहिली, पडद्याजवळ तोंड नेऊन, एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढलाही नाही.

दारावर टकटक झाली. मी बाहेर गेले. बाक भरलेले, थेंब घालून डोळ्यांची दारे उघडलेली सगळी मुले पापण्या मिटून बसलेली, आणि पुढे बेकरीवाला, हातात घड्याळ.

"बाई, बटनची वेळ झाली की. तुमच्याकडे कधी उशीर होत नाही."

"आज होणार आहे," मी म्हटले. "माझी सून आत आपल्या मुलीचा डोळा बघते आहे."

त्याने घड्याळ खिशात टाकले आणि बाकावर सरकून बसला. दार मी ओढून घेतले आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.